एअरेशन टँकची कार्यक्षमता कशी मोजावी: हायड्रोटेस्टचं पाणी सोडून देण्याआधी

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जंतूंना एअरेशन टँकमध्ये हवा फुंकून ऑक्सिजन देतात. पण बुडबुडे जोरात उठतायत म्हणजे ऑक्सिजन विरघळतोय, असं नाही. वाळूजच्या एका ईटीपीवर (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर) तासभर "बघा साहेब, कसं उकळतंय" ऐकत मी कठड्यावर उभा होतो. डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मोजणारा मीटर लिटरमागे ०.६ मिलिग्रॅमच्या पुढे सरकेना. म्हणून आकडा एकच काढायचा: एका युनिट विजेत किती किलो ऑक्सिजन पाण्यात उतरतो.

मूळ चाचणी स्वच्छ पाण्यात होते आणि आपल्याकडे गाडी अडते ती इथेच. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात १० बाय ५ मीटरची टाकी ४ मीटर भरायची, म्हणजे २०० घनमीटर, दहा हजार लिटरचे २० टँकर. नुसत्या चाचणीसाठी कोण देणार? पण नवी टाकी गळते का हे बघायला ठेकेदार ती भरतोच, हीच हायड्रोटेस्ट. त्याच पाण्यात चाचणी उरकून घ्या. पाणी बोअरचं असेल तर टीडीएस (विरघळलेले क्षार) आधी लिहून ठेवा. क्षार जास्त असले की बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत, बारीकच राहतात आणि निकाल उगाच चांगला दिसतो.

आता पाण्यातला ऑक्सिजन काढून टाकायचा. ब्लोअर (हवा फुंकणारं यंत्र) चालू ठेवून आधी कोबाल्ट क्लोराइड हा उत्प्रेरक विरघळवून घाला. या टाकीला साधारण ८० ग्रॅम पुरे. ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि त्याच पाण्यात पुन्हा घालू नका. अर्ध्या तासानं सोडियम सल्फाइट. १ मिलिग्रॅम ऑक्सिजनला ७.८८ मिलिग्रॅम लागतं. लिटरमागे ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन असेल तर हिशोबानं ११ किलो, प्रत्यक्षात १५ किलो घ्या. पोतं फोडून थेट टाकीत ओतायचा मोह होतो. तसं केलं की पावडर तळाशी बसते, हळूहळू विरघळत ऑक्सिजन खात राहते आणि सगळी चाचणी वाया जाते. बॅरलमध्ये नीट विरघळवून टाकीभर फिरून ओता.

डीओ शून्यावर येऊन एक-दोन मिनिटं तिथंच राहिला पाहिजे. तो चढू लागला की दर ३० सेकंदांनी नोंद करा. प्रोब तीन-चार ठिकाणी, वेगवेगळ्या खोलीवर लावा. डिफ्यूझरच्या (तळाशी बारीक बुडबुडे सोडणाऱ्या भागाच्या) अगदी डोक्यावर नको, प्रोबच्या मेम्ब्रेनला बुडबुडा चिकटला की आकडा नाचतो. वाचन स्थिर होईपर्यंत थांबा. आमच्या टाकीला ३५–४० मिनिटं लागतात. हा शेवटचा आकडा ऑक्सिजनच्या विद्राव्यतेच्या तक्त्यातून उचलू नका. हवा खोलवर दाबाखाली सुटते, त्यामुळे तो तक्त्यापेक्षा जास्त भरतो.

समजा पाणी २८ अंश, शेवटचं वाचन ८.२. चौथ्या मिनिटाला २.०, चौदाव्याला ६.३. म्हणजे तूट ६.२ वरून १.९ वर आली. भागाकार ३.२६, त्याचा नॅचरल लॉग १.१८, भागिले १० मिनिटं: मिनिटाला ०.११८, तासाला ७.१. हाच केएलए, म्हणजे ऑक्सिजन पाण्यात उतरण्याच्या वेगाचा गुणांक. (कागदावर दोनच बिंदू पुरतात, खरं काम करताना सगळ्या नोंदींचा आलेख काढा. रेष वाकडी आली तर काहीतरी चुकलंय.) २० अंशांवर आणायला १.०२४ चा आठवा घात, १.२१, यानं भागा: ५.९. शेवटचं ८.२ हे वाचनही २० अंश आणि समुद्रसपाटीवर न्यावं लागतं. छत्रपती संभाजीनगर सुमारे ५७० मीटर उंचीवर, हवेचा दाब साडेसहा टक्क्यांच्या आसपास कमी. दोन्ही दुरुस्त्या धरून १०.२ येतात. ५.९ गुणिले १०.२ गुणिले २०० भागिले १०००: तासाला १२ किलो.

वीज मोटरच्या पाटीवरच्या एचपीवरून धरू नका, एनर्जी मीटरचं तासाभराचं वाचन घ्या. ४.८ युनिट आली तर युनिटमागे २.५ किलो. चाचणीचं पाणी चारीत किंवा गुरांच्या हौदात जाऊ देऊ नका. प्लांट सुरू करायला तेच वापरा.

माहितीपत्रकात छापतात तो हाच स्वच्छ पाण्याचा आकडा. चालू प्लांटमध्ये काय होतं? तिथे डीओ स्थिर असेल तर जेवढा ऑक्सिजन उतरतो तेवढाच जंतू खातात, म्हणून त्यांचा खप मोजायचा. टाकीचा डीओ २ वर स्थिर असताना गाळमिश्रित पाण्याची बाटली भरा, जोरात हलवा, प्रोब बसवून तोंड बंद करा, आत ढवळत ठेवा. दर ३ मिनिटांना डीओ लिटरमागे १ मिलिग्रॅमनं उतरला तर तासाला २०, म्हणजे २०० घनमीटरला ४ किलो. भागिले ४.८: युनिटमागे ०.८. तिपटीनं फरक पाहून घाबरू नका. सांडपाण्यातला साबण, तेल, आधीच विरघळलेला ऑक्सिजन, सगळे आपापला वाटा कापतात. नमुना घेतल्या घेतल्या मोजा, नाहीतर जंतूंचं खाणं संपतं आणि आकडा कमी येतो.

हे बाटलीचं मोजमाप महिन्याला करा, शेजारी ब्लोअरचा दाब लिहा. आमच्याकडच्या जड पाण्यात डिफ्यूझरच्या छिद्रांवर क्षार बसतात. दाब चढतोय आणि ०.८ चा ०.६ होतोय असं वहीत दिसलं, की डिफ्यूझर धुवायला घ्या.