शिळ्या भाकरीच्या कुस्कऱ्याचा लगदा का होतो

उरलेल्या भाकरीचा कुस्करा कसा करायचा हे सांगणारे सगळे फोडणीवरच बोलत बसतात. मोहरी किती, हळद किती, शेंगदाणे आधी की कांदा आधी. अहो, फोडणी कोणालाही जमते. कुस्करा बिघडतो तो त्याच्या आधी, भाकर ओली करताना. आणि नेमकं तिथं हे लोक 'पाण्याचा हबका मारा' एवढं म्हणून पुढं सरकतात.

ज्वारीच्या चार भाकरी तीन माणसांना पुरतात. दोन मोठे कांदे, चार-पाच हिरव्या मिरच्या, मूठभर शेंगदाणे, पाऊण वाटी ताक, दोन पळ्या तेल. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी एवढं खाऊन वावरात गेलं की दुपारच्या शिदोरीपर्यंत पोट मागत नाही. पोह्यांत तेवढा दम नाही, आणि ते विकत आणावे लागतात.

रात्री भाकरी निवल्यावरच कापडात गुंडाळून टोपलीत ठेवा. गरम असताना डब्यात कोंबल्या तर घाम सुटतो आणि पावसाळ्यात बुरशी धरते. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी ती भाकर अख्खी टाकून द्या, ढोरांपुढेही नको.

सकाळी भाकर हातानं चुरा. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा, फार तर थोडा मोठा. मिक्सरमध्ये फिरवली की तिचं पीठ होतं, आणि पिठाला ताक लागलं की गोळा. मिक्सरचा सल्ला देणाऱ्यानं एकदा स्वतः करून खावं, एवढंच म्हणते. काठाचे तुकडे वेगळे काढा. ते मधल्या भागापेक्षा जास्त वाळलेले असतात, त्यांना ताक आधी लागतं.

आता खरं काम. लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात मी पाच माणसांच्या कुस्कऱ्यात पेलाभर पाणी ओतलं. कढईत लापशी झाली. दुसऱ्या दिवशी घाबरून चार थेंब शिंपडले आणि चुरा लगेच फोडणीत टाकला, तर सासरे खात असताना दाताखालचा कडकड आवाज चुलीपर्यंत येत होता. काही बोलले नाहीत, पाणी मागून घेतलं. सासूबाईंनी मात्र तिसऱ्या दिवशी हात धरला: "अवं, तिले पानी पाजू नको. तोंड ओलं कर अन् झाकून ठेव."

सगळी गोम त्या झाकण्यात आहे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा धरून ठेवणारा चिकटा नसतो. भाकर निवते तसा तिच्यातला स्टार्च आतून घट्ट होत जातो, म्हणून ती रात्रीतून कडक होते. ओल आणि उष्णता मिळाली की तो पुन्हा सैल पडतो, पण ओल आतपर्यंत जायला वेळ लागतो. एकदम पाणी ओतलं तर बाहेरचा भुगा विरघळतो आणि आतला खडा तसाच राहतो. म्हणजे लगदाही होतो आणि खडेही लागतात. पाणी वाढवून हा प्रश्न सुटत नाही, थांबूनच सुटतो.

परातीत काठाचे तुकडे पसरा आणि ताकात मीठ मिसळून हातानं त्यांच्यावर शिंपडा. मीठ ताकातच घाला, म्हणजे सगळीकडे सारखं लागतं. पाच मिनिटांनी बाकीचा चुरा मिसळा आणि उरलेलं ताक दोन-तीन वेळा करून शिंपडा. बोटांनी वरखाली करा, दाबू नका, मळू तर मुळीच नका. ओलं फडकं पिळून वर टाका आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. थंडीत वीस.

मग एक मूठ दाबून पाहा. मूठ उघडल्यावर चुरा जमून राहिला आणि बोट लावताच मोकळा झाला, तर बरोबर. बोटांच्या फटीतून ओल आली तर जास्त झालं, आणखी एक भाकर चुरून त्यात घाला. दाण्याच्या मध्ये टणक लागलं तर चमचाभर ताक शिंपडून पुन्हा झाका. मुठीची परीक्षा पास होईपर्यंत कढई चुलीवर ठेवू नका. कढई तापली की घाई होते, मी हे अनेकदा भोगलं आहे.

साधं पाणीही चालतं, पण ताकानं शिळा वास मरतो. ताक फार आंबट असेल तर निम्मं पाणी घाला. दही नको, गुठळ्या होतात.

फोडणी नेहमीची. कांदा गुलाबी झाला की चुरा टाका, सराट्यानं हलक्या हातानं परता, मंद जाळावर पाच मिनिटं झाका. वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. साखर घालायची ज्यांना सवय आहे त्यांनी आपल्या ताटात घालावी, कढईत नाही.

गव्हाची पोळी असेल तर ताक पाव वाटीच घ्या आणि झाकून ठेवण्याच्या भानगडीत पडू नका, ती चिवट होते.

भाताला मात्र हा हिशेब लावू नका. भाकर कोरडी म्हणून टिकते, भात ओला. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात जंतू जे विष तयार करतात, ते फोडणीच्या आचेनंही जात नाही. फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात भात मोजूनच लावा.

कुस्कऱ्यासोबत कच्चा कांदा आणि जवसाची चटणी. कढईच्या तळाला खरपूस खरवड धरते, ती आधीच काढून बाजूला ठेवा, नाहीतर आमच्या घरासारखी त्यावरून सकाळी सकाळी भांडणं लागतात.