हायवे पण आणि पाणंद पण, एसयूव्हीला टायर घेताना काय बघायचं

टायरच्या दुकानात जायच्या आधी घरी बसून एक काम करा, मागच्या वर्षभरात गाडी नक्की कुठं कुठं फिरली ते वहीत लिहून काढा. मी हे केलं नव्हतं म्हणून सांगतोय. माझी स्कॉर्पिओ-एन आहे, फोर बाय फोर, राहायला साताऱ्यात आणि कामासाठी आठवड्यातनं दोनदा पुणे, गाव जावळीत, आणि गावाकडच्या घराला जायला शेवटचा दीड किलोमीटर पाणंद. एका पावसाळ्यात त्या पाणंदीत गाडी अशी रुतली की ट्रॅक्टर बोलावून ओढायला लागली, आई गाडीत, भर पाऊस, ते डोक्यात बसलं आणि कंपनीचे टायर झिजल्या झिजल्या मी थेट एमटी, म्हणजे खास चिखलासाठीचे टायर टाकले. नंतर हिशेब केला तर वर्षाला एकवीस हजार किलोमीटर हायवे आणि पाणंद सगळी मिळून पाऊणशे किलोमीटर. म्हणजे पाऊणशे किलोमीटरसाठी बाकीचे एकवीस हजार मी चुकीच्या टायरवर पळवत होतो.

आणि ते नुसतं आवाजाचं नव्हतं. आवाज तर होताच, ऐंशीच्या पुढं गेलं की केबिनमध्ये सतत घूंऽऽ, पाठीमागे बसलेल्याशी बोलायचं तर ओरडून बोला, मायलेज पण पडलं. पण खरी भीती वाटली ती पावसात. साताऱ्याकडनं पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपला की जे एसारखं वळण येतं तिथं पुढच्या ट्रकनं ब्रेक मारला, मी पण मारला, आणि गाडी जिथं थांबायला पाहिजे त्याच्या बरीच पुढं जाऊन थांबली. एमटीची नक्षी मोठ्या मोठ्या ठोकळ्यांची असते, मधली फट रुंद, त्यामुळे ओल्या डांबराला रबर कमी टेकतं आणि त्या ठोकळ्यांवर बारीक चिरा पण कमी असतात, आणि ओल्या रस्त्यावर पकड देतात त्या या चिराच. चिखलात जे कामाला येतं तेच हायवेवर उलटं पडतं. सहा महिन्यात टायर काढून विकले.

तर प्रकार थोडक्यात. एचटी म्हणजे हायवे टेरेन, बहुतेक एसयूव्ही कारखान्यातनं या टायरवर येतात, शांत, पावसात डांबरावर ब्रेकला सगळ्यात चांगले, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, मात्र नाजूक. एमटी म्हणजे मड टेरेन, त्याचं वर सांगितलंच. एटी म्हणजे ऑल टेरेन, या दोन्हीच्या मधला, पण "मधला" म्हटलं तरी एटीएटीत लई फरक असतोय, काही एटी जवळजवळ एचटीसारखे शांत आणि काही निम्मे एमटीच. दुकानात टायर हातात घेऊन बघा, मधल्या पट्ट्यातले ठोकळे जवळजवळ असतील, त्यांच्यावर भरपूर बारीक चिरा असतील आणि फक्त कडेचे ठोकळे मोकळे असतील तर तो हायवेकडं झुकलेला एटी. ठोकळे मधोमध पण सुटेसुटे असतील तर तो चिखलाकडं झुकलेला. अपोलोचा अप्टेरा एटी टू, योकोहामाचा जिओलँडर, सिएटचा क्रॉसड्राइव्ह, जेकेचा रेंजर, बीएफगुडरिचचा केओ टू अशी नावं कानावर येतील, नावावर जाऊ नका, तुमच्या साइजमधला टायर समोर ठेवून नक्षी बघा.

माझं मत स्पष्ट आहे. कच्चा रस्ता म्हणजे फक्त घरापर्यंतचा मुरूम आणि शेताच्या बांधापर्यंतची वाट असेल, तर चांगला एचटीच घ्या आणि उरलेले पैसे हवा भरायच्या कंप्रेसरला ठेवा, टू व्हील ड्राइव्ह क्रेटा, सेल्टॉस वाल्यांना तर हेच सांगेन. कच्चा रस्ता महिन्याला दोन-चार वेळा, त्यात दगड, चढ, चाकोऱ्या असतील तर हायवेकडं झुकलेला एटी. आणि एमटी फक्त त्यांनी ज्यांची गाडी खरंच रानात राहते, डोंगरातल्या वाडीवर रोज ये-जा आहे, हायवे क्वचित.

आता जमिनीचं बोलू, कारण टायरची पुस्तकं वाळवंट आणि बर्फाबद्दल लिहितात आणि आपल्याकडं वेगळंच असतंय. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला पावसाळ्यात धो धो आणि माण-खटावला आभाळाकडं डोळे, तशीच मातीची पण तऱ्हा. कऱ्हाड, ईश्वरपूर (आधीचं इस्लामपूर), सांगलीकडची काळी माती ओली झाली की नक्षीत अशी भरते की चार चक्करमध्ये टायर गोटा, मग तो एचटी असो, एटी असो, एमटी असो. एमटी थोडी माती झटकतो, पण त्याला चाक जोरात फिरवायला लागतं आणि जोरात फिरवलं की गाडी अजून खाली जाते. काळ्या रानात टायर बदलून प्रश्न सुटत नाही, वापसा आल्यावरच गाडी घाला, नाहीतर डांबरीवर लावून चालत जा. आमच्या पाणंदीचा शेवटचा तुकडा असाच आहे, आता पावसाळ्यात मी गाडी देवळापाशीच लावतो.

कास, बामणोली, तापोळा बाजूला जांभा आणि लाल माती, वरनं घट्ट दिसते पण भिजली की साबणासारखी, तिथं एटीची कडेची नक्षी खरंच कामाला येते, विशेषतः चढाला. मुरमाच्या रस्त्यावर कुठलाही टायर चालतो. पण चाळकेवाडी, ठोसेघरकडं पवनचक्क्यांच्या कामासाठी केलेले जे कच्चे रस्ते आहेत, किंवा पाटणच्या डोंगरातल्या वाटा, तिथं काळ्या दगडाची धारदार खडी असते आणि ती नक्षीला नाही, साइडवॉलला फाडते. साइडवॉलचा कट दुरुस्त होत नाही, टायर फेकायलाच लागतो. म्हणून एटी घेताना नक्षीइतकंच साइडवॉलकडं बघा, खांद्यापासनं खाली रबराचे उंचवटे आलेत का, आणि बाजूला बारीक अक्षरात साइडवॉल किती प्लायची, म्हणजे आत किती थर आहेत, ते लिहिलेलं असतंय ते वाचा, एकापेक्षा दोन बरी, तीन असेल तर दगडाला अजून चांगली पण टायर जड आणि गाडी थोडी कडक.

आणि एक कळकळीनं, कासच्या सड्यावर, सडावाघापूरला गाडी रस्ता सोडून पठारावर घालू नका. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, कातळावर दोन-चार बोटं माती असते त्यात ती फुलं उगवतात, एक चाकोरी पडली की ती माती वाहून जाते. एटी टायर त्यासाठी नाहीत.

साइज. टायरवर २४५/६५ आर १७ असं लिहिलेलं असतं, २४५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १७ म्हणजे रिम इंचात. या टायरचा व्यास येतो साधारण ७५० मिलिमीटर. पोरं यात २६५/७० आर १७ टाकायला बघतात, दिसायला दणकट, पण त्याचा व्यास ८०३ होतो, म्हणजे सात टक्के मोठा. मीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी एकशे सातच्या आसपास पळत असेल, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासेल, पिकअप मरेल, ब्रेकला जास्त लांब जायला लागेल. २५५/६५ आर १७ टाकला तर फरक पावणेदोन टक्के, एवढं चालतं. तीन टक्क्याच्या पुढं जाऊ नका. आणि रिम मोठी करून साइडवॉल बारीक करायचं तर कच्च्या रस्त्यावाल्यांनी अजिबात नको, खड्ड्यात रिम वाकते. सतरा आणि अठरात निवड असेल तर मी सतराच घेईन.

साइजच्या पुढं एक आकडा आणि एक अक्षर असतं, ते लोक बघतच नाहीत. आकडा वजनाचा, १०५ म्हणजे एका टायरला ९२५ किलो, १०९ म्हणजे १०३०, ११२ म्हणजे ११२०. अक्षर वेगाचं, क्यू १६० पर्यंत, एस १८०, टी १९०, एच २१०. कंपनीनं दिलेल्या वजनाच्या आकड्यापेक्षा खाली कधीच येऊ नका, सात माणसं आणि टपावर सामान टाकून कोकणात उतरणाऱ्यांनी तर नाहीच.

मग तारीख. साइडवॉलवर डीओटी म्हणून अक्षरं असतात, त्याच्या शेवटी चार आकडे, २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. मला एका दुकानात "आजच आलेला माल" म्हणून जो टायर दाखवला तो तीन वर्षं जुना निघाला, चारमधले दोन तर वेगवेगळ्या वर्षाचे होते. सहा महिन्याच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षापर्यंत ठीक, त्याच्या पुढं असेल तर दुसरा मागा. बसवायच्या आधी बघा, रिमवर चढल्यावर कोण बदलून देत नाही. ती चार आकड्यांची पट्टी टायरच्या एकाच बाजूला असते, बाहेरनं दिसली नाही तर आतल्या बाजूला बघा.

फोर बाय फोर असेल तर चारही टायर एकाच मेकचे, एकाच नक्षीचे, एकदमच बदला. पुढं गोटा आणि मागं नवीन असं केलं की चाकांचा घेर वेगळा होतो आणि फोर व्हीलमध्ये टाकल्यावर तो ताण गिअरवर येतो. टू व्हील ड्राइव्ह गाडीला दोनच बदलायचे असतील तर नवीन जोडी मागं, पुढचं चाक ओढतंय म्हणून पुढं असं लोक सांगतात पण पावसात मागचं सुटलं की गाडी फिरते. आणि स्टेपनी त्याच साइजची असू दे, बामणोलीच्या पुढं रात्री कोण येत नाही.

हवा हा अर्धा टायर आहे, हे मला खूप उशिरा कळलं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा थंड टायरचा, पुण्याहून आल्या आल्या पंपावर तपासली तर चार पॉइंट (पीएसआय) जास्तच दाखवणार, त्यातली काढू नका. कच्च्यात लाल माती, चिखल किंवा नदीकाठची वाळू असेल तर हवा कमी करा, चोवीस-पंचवीसपर्यंत आणलं की टायर लांबट टेकतो आणि जो चढ तीनदा घसरला तो चौथ्यांदा निघतो, एचटीवर सुद्धा. मी एमटीवर एवढा खर्च करण्याआधी त्या पाणंदीत नुसती हवा कमी करून बघायला पाहिजे होती. फक्त धारदार दगडात जास्त कमी करू नका, साइडवॉल फुगून बाहेर येते आणि कटते. कमी हवेवर तिशी-चाळिशीच्या वर नाही, आणि डांबर लागलं की पहिलं काम परत भरायचं, त्यासाठी बॅटरीला चिमटे लावायचा कंप्रेसर गाडीत पाहिजेच, लायटरच्या सॉकेटवरचे छोटे एसयूव्हीच्या टायरला दमतात. नायट्रोजनसाठी मी पैसे देत नाही, साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के तोच असतो.

बाकी आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची जागा आपसात बदलून घ्या, एटीला हे जास्तच लागतं, नाहीतर ठोकळे तिरके झिजून आवाज वाढतो. अलाइनमेंट त्याच वेळी. खोबणीत आत छोटे उंचवटे असतात, ते नक्षीच्या बरोबरीला आले की १.६ मिलिमीटरच उरलं, कायद्यानं तिथंच टायर बाद, पण आपल्या घाटातल्या पावसाला मी तीन मिलिमीटरलाच बदलतो. साइडवॉलला फुगा आला असेल तर त्याच दिवशी.

घ्यायचेच असतील तर मे महिन्यात घ्या, मृगाच्या आधी. नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीतपणा असतो, तो जायला दोन-तीनशे किलोमीटर कोरडा रस्ता लागतो, साताऱ्याहून पुण्याला एकदा जाऊन-येऊन केलं की झालं. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट परत एकदा पान्यानं आवळून घ्या, मी ते आता स्वतःच घराच्या दारात करतो.