जुन्या बुलेटचे पुशरॉड बसवताना: गॅरेजात नव्याने आलेल्यांसाठी

राजदूत-येझदीवर हात बसलेला पोरगा कास्ट आयर्न बुलेटचं हेड पहिल्यांदा उघडतो तेव्हा गोंधळतो. साहजिक आहे, त्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना असे वॉल्व्हच नसतात. इथलं सगळं जुन्या ३५० बद्दल आहे: ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी, दोन कॅम आणि दोन पुशरॉड, म्हणजे कॅमचा धक्का वर वॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांड्या. कॅम आणि पुशरॉडच्या मधे असतो तो टॅपेट. नंतरच्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असतात, ते ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप सांभाळतात, त्यांना ही रीत लावू नका.

पुशरॉड काढतानाच त्यावर इनलेट-एक्झॉस्टची चिठ्ठी चिकटवा. दोघांची लांबी सारखी नसते. टेबलावर एकत्र लोळले की मग अंदाजपंचे काम सुरू होतं. प्रत्येक रॉड जाड काचेवर लोटून पाहा. मधे उजेड दिसला किंवा रॉड उड्या मारत गेला तर तो वाकलाय. ॲल्युमिनियमचा रॉड ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नये, नवीन घ्यावा. दोन्ही टोकांच्या स्टीलच्या टोप्या चिमटीत धरून पिळून बघा. टोपी हलली तर तो रॉड बाद. अशा रॉडचं सेटिंग कधीच टिकत नाही, आणि मिस्त्री मात्र महिनाभर टॅपेटलाच शिव्या घालत बसतो.

टायमिंग कव्हर उघडं असेतो कॅमच्या चाकांवरच्या खुणा जुळल्यात का ते पुन्हा एकदा बघा. एक दात चुकला तर पुढची सगळी मेहनत वाया.

हेड आवळून झालं की प्लग काढा, प्लगच्या भोकावर अंगठा धरा आणि किक हाताने हळूहळू दाबा. अंगठ्याला हवा ढकलायला लागली की कंप्रेशन स्ट्रोक. पिस्टन अगदी वर आणून थांबवा. पिस्टन एक्झॉस्टच्या शेवटीही वर येतो, पण तेव्हा दोन्ही वॉल्व्ह थोडे उघडे असतात आणि तिथे केलेलं सेटिंग साफ चुकतं. नवख्यांची सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

आता टॅपेटवरचे, म्हणजे पुशरॉडच्या खालच्या टोकाचे ॲडजस्टर पूर्ण खाली फिरवून घ्या. मगच पुशरॉड वरून बोगद्यात सोडा आणि उजवीकडच्या टॅपेटच्या खिडकीतून बोटाने त्याचं टोक जागेवर बसलंय याची खात्री करा. रॉकरचे (पुशरॉड वर आला की वॉल्व्ह दाबणाऱ्या हातांचे) ठोकळे दोन भागांचे असतात आणि जोडीनेच घासलेले असतात. या ठोकळ्याचा वरचा भाग त्या ठोकळ्यावर चालत नाही. ऑइल लावून बसवा आणि नट थोडे थोडे, आलटून-पालटून आवळा. दर वेळी रॉकर बोटाने हलवून पाहा. जड झाला तर तिथेच थांबा, ठोकळा तिरका बसलाय.

सेटिंगला तीन पाने लागतात. खालचा षटकोन धरायचा, मधला लॉकनट ढिला करायचा, वरचा फिरवायचा. ॲल्युमिनियमच्या रॉडला, इंजिन थंड असताना, गॅप शून्य. म्हणजे दोन बोटांत धरून रॉड गरगर फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. लॉकनट आवळताना ॲडजस्टर किंचित सरकतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून बघायचं. ढिला राहिला तर ‘टकटक आवाज येस’ (येतो) म्हणत गिऱ्हाईक परत येतं, ते परवडलं. घट्ट राहिला तर आवाज काहीच नाही. गाडी थंड असताना उठते, तापली की कंप्रेशन जातं, आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह नीट टेकत नसल्याने त्याची कड जळते. तेव्हा शंका आलीच तर केसभर ढिला ठेवा.

थंड म्हणजे खरंच थंड. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी इंजिन थंड असतं हा भ्रम आहे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी लवकर हे काम उरका.

कधी कधी ॲडजस्टर तळाला गेला तरी रॉड फिरत नाही. अशा वेळी रॉड बदलण्याआधी हेडचा इतिहास विचारा. सीट (वॉल्व्ह टेकतो ती कड) जास्त कापली असेल तर वॉल्व्हची दांडी वर सरकते आणि पुशरॉडला जागा कमी पडते. लेथवर हेड किंवा बोअरचा माथा घासून आणला असेल तरीही तेच होतं. जाड गॅस्केटने कधी काम भागतं, पण कंप्रेशन थोडं कमी होतं हे मालकाला सांगून टाकावं.

नवं गॅस्केट पहिल्या तापण्यात दबतं, हेड खाली बसतं, आणि काल बरोबर असलेला रॉड आज घट्ट होतो. म्हणून पहिली फेरी मारून आल्यावर गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी हेडचे नट परत आवळा आणि दोन्ही टॅपेटचं सेटिंग नव्याने करा. हा दुसरा फेरा झाल्याशिवाय गाडी मालकाच्या ताब्यात देऊ नका, तो कितीही घाई करू दे.

आणि एक, उघड्या खिडकीत बनियन वेस्ट (बनियनच्या कापडाच्या चिंध्या) कोंबू नका. त्याचे धागे ऑइलच्या वाटेत अडकतात. धागे न सुटणारं धुतलेलं कापड वापरा. टॅपेटचं कव्हर एकाच नटावर असतं. फार आवळलं की पत्रा वाकतो आणि कडेने ऑइल पाझरायला लागतं.