वेबसाइट तपासणाऱ्या नव्या टूलवर खरा अभिप्राय कसा मिळवावा

वेबसाइटची गती, तुटक्या लिंका, मोबाइलवरची मांडणी तपासणारं टूल तयार झालं की पहिला सल्ला ठरलेला असतो: लिंक सगळ्या ग्रुपवर टाक, खाली गुगल फॉर्म जोड, लोक सांगतील. लोक काही सांगत नाहीत. दहावीच्या बॅचचा ग्रुप अंगठे पाठवतो, कॉलेजचा मित्र "भारी रे" म्हणतो आणि फॉर्म भरणारे दोघं म्हणजे तुमचा भाऊ आणि तुम्ही. टूल चालू आहे, सर्व्हर पडत नाही, असं धरून मी पुढचं लिहितोय.

1. माणसं निवडा

ज्यांना वेबसाइटवरून गिऱ्हाईक मिळतं किंवा मिळावं असं वाटतं, असेच लोक धरा. आपल्याकडे विदर्भात त्यासाठी फार फिरावं लागत नाही. शेंदुरजनाघाटचे संत्र्याचे रोपवाटिकावाले आहेत, ताडोबा व्याघ्र प्रकल्पाजवळच्या मोहर्लीचे होमस्टे आहेत, वायगावची हळद विकणारे शेतकरी गट आहेत, हिंगणघाटकडच्या कापसाच्या जिनिंग आहेत. दुसरा गट या वेबसाइट बनवून देणाऱ्यांचा, म्हणजे तालुक्याच्या गावात फ्लेक्स, डीटीपी आणि वेबसाइट एकाच काउंटरवर करणाऱ्यांचा.

प्रत्येक गटातून तीन-चार जण पुरतात. लोकांना वापरायला देऊन करायच्या चाचणीला पाच माणसं पुरे, हे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2000 सालीच मांडलंय आणि वापरणारे दोन प्रकारचे असतील तर प्रत्येकी तीन-चार, हेही त्यातच आहे. प्रोग्रामर मित्रांना सध्या दूर ठेवा. ते तुमच्या डेटाबेसवर बोलतील.

2. वेळ पाहून जा

ताडोब्याचा गाभा 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो, तेव्हा होमस्टेवाल्याला बसायला सवड असते. एरवी जायचं तर मंगळवार गाठा, त्या दिवशी गाभ्यात सफारी नसते. रोपवाटिकेचं नेमकं उलट: पावसाळ्यात कलमांची विक्री चालते, तेव्हा तिकडे फिरकू नका. जिनिंगवाल्याला दिवाळीनंतर कापूस यायला लागला की फोन उचलायलाही वेळ नसतो. गर्दीत गाठलेला माणूस तुम्हाला वाटेला लावायला म्हणूनच "छान आहे" म्हणतो.

3. आधी स्वतः तपासून ठेवा

त्यांच्या वेबसाइटवर टूल घरीच चालवा, खरे दोष वहीत लिहा, आणि तिथं तोंडातून काढू नका. टूल सगळी पानं एकदम ओढत असेल तर वेग कमी करा. स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक साइट ठेवलेल्या असतात ते, तेवढ्या माऱ्यानं झोपतं आणि मग तपासणीच्या नावाखाली तुम्हीच त्यांची साइट बंद पाडलेली असते.

4. शेजारी बसा आणि गप्प राहा

सगळी गोम इथं आहे, आणि माझाही सर्वांत जास्त वेळ याच पायरीनं खाल्ला.

"कसं वाटलं?" हा प्रश्न विचारूच नका. तुम्ही दारात पाहुणे म्हणून आलेले, चहा झालेला, समोरचा वयानं मोठा. तो म्हणणार, "लय मस्त हाय भाऊ, चालू द्या." यात खोटेपणा नाही, ही आपल्याकडची रीत आहे. घरी आलेल्या पोराच्या कामाला नावं कोण ठेवतं? "वापराल का?" आणि "महिन्याला दोनशे द्याल का?" हे प्रश्न तर त्याहून वाईट. पुढच्या महिन्यातले दोनशे रुपये आज कबूल करायला काहीच लागत नाही.

लिंक त्यांच्याच फोनवर पाठवा. तुमचा लॅपटॉप बॅगेतच राहू द्या, तो बाहेर निघाला की समोरचा प्रेक्षक होतो. एवढंच सांगा: "काका, तुमची वेबसाइट यात तपासून पाहा. मनात येईल ते बोलत बोलत करा. मी मधात बोलणार नाही." आणि खरंच बोलू नका. ते अडकतील, तुमच्याकडे पाहतील. तुम्ही "तिकडे दाबा" म्हणालात की चाचणी संपली. विचारलंच तर उलटं विचारा: "तुम्हाला काय वाटते, कुठं असेल?"

मग दिसायला लागतं. काका रकान्यात रोपवाटिकेचं नाव टाकतात, कारण गुगलवर ते तसंच शोधतात. दुसरा साइटचं नाव बरोबर टाइप करतो, पण फोनचा कीबोर्ड टिंबानंतर आपणहून जागा सोडतो आणि तुमचं टूल लाल अक्षरांत म्हणतं, "अवैध यूआरएल". त्याचा चेहरा पाहा. त्याला वाटतं आपली साइटच बंद पडली. तिसऱ्यासमोर गोल चक्र फिरत राहतं आणि तो बॅक दाबून व्हॉट्सॲपवर जातो. टूल काम करत होतं, पण ते त्याला कोणी सांगितलंच नाही. ही जागा काढून टाकणं, "तपासतोय, अर्धा मिनिट लागेल" असं लिहिणं तासाभराची कामं आहेत, पण कुठल्याही फॉर्ममध्ये ही तक्रार आली नसती.

गुणांची गंमत वेगळीच. गुगलच्या लाइटहाउस या वेबसाइट तपासणाऱ्या टूलच्या धर्तीवर आपण 0 ते 49 लाल, 50 ते 89 नारिंगी आणि 90 पासून हिरवं दाखवतो. एका गृहस्थांना 41 आले. ते खूश. "पास झाली ना जी! पस्तीसले तर पास असते." लाल रंग त्यांनी पाहिलाच नव्हता. दहावी-बारावीला 35 वर पास होणाऱ्या राज्यात शंभरपैकी गुण दाखवायचे तर शेजारी शब्दांत लिहावं लागतं: "तुमचा मोठा फोटो दिसायला 6 सेकंद लागतात, 2.5 च्या आत हवं." पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणाऱ्या या वेळेचं एलसीपी हे नाव फार तर वेबसाइट बनवणाऱ्याच्या कामाचं, आपल्या काकांच्या नाही.

वहीत हातानं काय केलं ते लिहा, तुम्हाला काय वाटलं ते नको. "दोनदा मागे गेले", "गुण पाहून थांबले, खाली सरकवलं नाही", अशा ओळी. स्क्रीनचं रेकॉर्डिंग करायचं तर विचारून, पण कॅमेरा पाहिला की माणूस सावरून बसतो. मी वहीच पसंत करतो.

फोन खाली ठेवल्यावर मागच्या घटनेबद्दल विचारा. वेबसाइट शेवटची कधी बिघडली? कसं कळलं? कोणाला फोन केला, किती पैसे गेले? इथं माणूस मोकळा होतो. "गिऱ्हाइकाचाच फोन आला, म्हणे रोपांचे फोटोच उघडत नाही. मंग पुतण्याले सांगतलं. तो पुण्याले असते. दिवाळीले आलो का करतो म्हणे." या उत्तरात तुमचं अर्धं टूल आहे. अहवाल काका पाहणार, दुरुस्ती पुतण्या करणार. म्हणजे पीडीएफपेक्षा व्हॉट्सॲपवर पुढं पाठवायचं बटण जास्त गरजेचं, आणि त्या मेसेजमध्ये वर काकांसाठी दोन ओळी मराठीत, खाली पुतण्यासाठी तांत्रिक तपशील.

कधी कधी काउंटरवर बसलेला माणूस वेबसाइटला हातच लावत नाही. "ते सूनबाई पाहते" असं कानावर आलं तर ताईंनाही बोलवा म्हणून विनंती करा आणि प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. सासऱ्यांच्या उत्तरांवर काही बांधू नका.

एक कडक सूचना. फ्लेक्सवाल्या मंडळींनी बनवलेली साइट त्यांच्या गिऱ्हाइकासमोर कधीच तपासू नका. तुमचा अहवाल म्हणजे त्यांच्या कामातल्या चुकांची यादी. तो मालकाच्या हातात आधी पडला की "आमच्या पोटावर पाय द्यायला आले" हे ऐकून घ्यावं लागतं, आणि ते चूकही नसतं. त्यांना एकटं गाठा, साइट त्यांनाच निवडू द्या. कामाची टीका याच गटाकडून मिळते, तीही तोंडावर. वाद घालू नका, लिहून घ्या.

5. छाननी

एकानंच मागितलेली नवी सोय बाजूला, तिघं जिथं अडकले ते आधी. एक तक्रार मात्र एकट्याची असली तरी घ्या: "टूल म्हणते दोन सेकंद, माह्या फोनवर तर चहा होऊन जाते." तो खरं बोलतोय. तुमची चाचणी मोठ्या शहरातल्या डेटा सेंटरमधून झाली, त्याच्या गावात एक काडी रेंज. क्रोम वापरणाऱ्यांच्या प्रत्यक्ष अनुभवाचा गुगलकडचा डेटा मागच्या 28 दिवसांचा असतो, पण तेवढी वर्दळ नसलेल्या छोट्या साइटचा तो मिळतच नाही. त्यामुळे चाचणी कुठून आणि किती वेगाच्या नेटवर झाली, ते अहवालात वरच लिहा. जमलं तर मंद नेटचा आकडा आधी दाखवा.

6. पंधरवड्यानं पुन्हा

फोन करून "काही फायदा झाला का?" असं विचारू नका, पुन्हा "मस्त" ऐकायला मिळेल. त्यांच्या साइटवर टूल गुपचूप परत चालवा. अहवालात दाखवलेला, समजा, 4 एमबीचा फोटो अजून तसाच असेल तर अहवाल कोणाच्या कामी आला नाही, कौतुक कितीही झालेलं असो. फोटो लहान झालेला दिसला तर मग फोन करा आणि तो कोणी बदलला तेवढं विचारून त्या माणसाचा नंबर घ्या. पुढची बैठक त्याच्याकडे.