स्टोनहेंजचे कोडे जुहू चौपाटीवर कसे पारखावे

इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाविषयी व्हॉट्सॲपवर वाटेल ते फिरत असते. त्यातला एक दावा, म्हणजे ते सूर्याच्या दिशेने रोखलेले अचूक पंचांग आहे हा, मात्र मुंबईकराला स्वतः पारखता येतो आणि त्यासाठी हाताची मूठ पुरते.

२१ डिसेंबरच्या सुमारास संध्याकाळी साडेपाचला जुहू चौपाटीवर पोहोचावे. हा अयनदिन, म्हणजे सूर्याची मावळती दक्षिणेकडे सर्वांत दूर जाते तो दिवस. जूनमधल्या, उत्तर टोकाच्या अयनदिनाचा विचारही करू नये, तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेले असते. मोबाइलवरील होकायंत्राने नेमकी पश्चिम ठरवावी, हात समोर ताठ धरावा, एक डोळा मिटावा आणि पश्चिमेपासून डावीकडे मुठी मोजत जावे. एक मूठ साधारण १० अंशांची भरते. सूर्याकडे मात्र रोखून पाहू नये. तो सुमारे अडीच मुठींवर मावळतो.

इंग्लंड आपल्यापेक्षा बरेच उत्तरेला असल्यामुळे स्टोनहेंजपाशी हेच अंतर जवळपास चार मुठींचे होते, आणि इ. स. पू. २५०० च्या सुमारास उभारलेल्या मोठ्या शिळांचा अक्ष, म्हणजे त्यांच्या मधोमध जाणारी रेषा, त्याच दिशेला रोखलेला आहे. त्याचे दुसरे टोक जूनमधल्या सूर्योदयाकडे जाते. दिशेपुरते हे कोडे सुटले आहे.

दोन दिवसांनी पुन्हा त्याच जागी उभे राहावे. मावळतीची जागा सरकल्याचे मुठीला कळतच नाही, कारण अयनाच्या वेळी ती जवळजवळ थबकलेली असते. (तिळगूळ आपण १४ जानेवारीला वाटतो, पण सूर्य त्याआधी तीन आठवडे वळलेला असतो.) म्हणूनच, ज्या अक्षावरून नेमका दिवसच ठरत नाही, त्याच्या आधारे स्टोनहेंजला अचूक पंचांग म्हणणे मला पटत नाही.

दगडांविषयी वाचताना ‘कुठून’ आणि ‘कसे’ हे प्रश्न वेगळे ठेवावेत. सरासरी २० टनांहून जड असलेल्या ‘सार्सन’ शिळांपैकी, म्हणजे वर आलेल्या मोठ्या शिळांपैकी, बहुतेक सुमारे २५ किलोमीटरवरच्या वेस्ट वुड्समधल्या आहेत, हे २०२० मध्ये रासायनिक तपासणीतून दिसून आले. लहान निळसर दगड वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांतले आहेत. मधली सहा टनांची ‘वेदी-शिळा’ मात्र ईशान्य स्कॉटलंडमधली असल्याचे २०२४ मध्ये समोर आले. ते अंतर मुंबई ते नागपूर सरळ रेषेत मोजले तर भरेल त्याहूनही जास्त आहे. ती समुद्रमार्गे आणली की जमिनीवरून ओढत, हे अजून ठरलेले नाही. तेव्हा तिची वाहतूक छातीठोकपणे सांगणारा संदेश आला, तर तो पुढे पाठवू नये.