वसुलीवाल्याचा फोन यायच्या आधी

सगळ्यात आधी एक शंभर पानी वही आणा. मोबाइलमध्ये टिपून ठेवू म्हणाल, तर फोन त्याच मोबाइलवर येतो. आमचं दुकान बसलं आणि कर्जाचे हप्ते थकले तेव्हा पहिले दोन महिने मी काहीच लिहून ठेवलं नाही. मग एक वसुलीवाला म्हणाला, "ताई, मागच्या आठवड्यात साहेबांनी बारा हजार कबूल केलेत." आमचे हे रात्रभर आठवत बसले, पण खोडून काढायला हातात काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तारीख, वेळ, नंबर, बोलणाऱ्याचं नाव आणि त्याचे शब्द जसेच्या तसे वहीत जाऊ लागले.

पहिल्या पानावर मात्र कर्ज लिहू नका, घर लिहा. भाडं, किराणा, वीजबिल, शाळेची फी, सासूबाईंच्या गोळ्या, कामावर जायचा पास. हे सगळं जाऊन जे उरतं, तेवढीच तुमची देण्याची ताकद. दीड हजार उरत असतील तर दीड हजार. "आत्ता किती भरता?" असं कुणी विचारलं की लाजेपोटी भलताच आकडा तोंडातून निघतो, तो पाळता येत नाही आणि पुढचा फोन आणखी चढ्या आवाजात येतो. म्हणून आकडा आधी घरात ठरवा, नवरा-बायको दोघांनी, आणि दोघांनीही तोच सांगा.

मग एकेका कर्जाला एकेक पान. किती घेतलं, किती फेडलं, हप्ता कधी थकला, तारण काय, जामीनदार कोण, सही करून कोरे चेक किती दिलेत आणि त्यांचे नंबर काय. कर्जाचा खाते उतारा मागून घ्या. 1 एप्रिल 2024 पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना हप्ता चुकल्याबद्दल दंडाची रक्कम लावता येते, पण दंड म्हणून जादा व्याज लावून ते मुद्दलात मिसळता येत नाही. ते उताऱ्यात तपासा. घर तारण असेल तर ते पान सगळ्यात वर ठेवा. 90 दिवस थकलं की खातं बुडीत धरतात आणि 2002 च्या सरफेसी कायद्याखाली (बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) 60 दिवसांची नोटीस येऊ शकते. तिला लेखी हरकत घेतली तर 15 दिवसांत उत्तर देणं त्यांना भाग असतं. क्रेडिट कार्डवाला दिवसातून दहादा फोन करतो, घराचं कर्ज देणारी बँक शांतपणे कागद पाठवते. जास्त ओरडतो त्याला आधी पैसे देण्याची चूक आम्ही केली.

ज्या बँकेचं कर्ज थकलंय त्याच बँकेत पगार येत असेल, तर ती बँक खात्यातून रक्कम वळती करू शकते. घरखर्चाचं खातं दुसरीकडे असू द्या. पैसे नसतील हे ठाऊक असेल तर हप्त्याच्या तारखेआधीच ईमेलने कळवा आणि मुदत मागा. मिळेलच असं नाही, पण तुम्ही तोंड लपवलं नाहीत याचा पुरावा राहतो.

फोनची वेळ पाठ करून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाही. मायक्रोफायनान्सच्या गटकर्जाला तर 9 ते 6. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांत बदनामी यांना मनाई आहे. रेफरन्स म्हणून नंबर दिलेला मेहुणा देणेकरी नव्हे. सही केलेला जामीनदार मात्र देणेकरी असतो, म्हणून त्याला बातमी तुमच्याकडूनच कळू द्या.

दारात कुणी आलं तर ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा, दोन्हींचा फोटो काढा. बोलणं उंबऱ्याबाहेर. मुलांना सांगा, दार उघडायचं नाही. आमची धाकटी तेव्हा आठ वर्षांची होती. बेल वाजली की ती टीव्हीचा आवाज बंद करायची. तिला जवळ बसवून सगळं नीट सांगायला मी फार उशीर केला, ते तुम्ही करू नका.

"पोलिस घेऊन येतो" म्हणाले तर घाबरू नका. नुसता हप्ता थकणं हा गुन्हा नाही, दिवाणी बाब आहे. पण चेक न वटल्याची नोटीस आली तर ती बाजूला टाकू नका. चेकच्या कायद्यातल्या कलम 138 खाली ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरावे लागतात, नाहीतर फौजदारी खटला होऊ शकतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. हेल्पलाइन 15100. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

तक्रार आधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी 14448. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेकडे नाहीत, त्या सहकार खात्याकडे. तिथून सहकारी संस्था कायद्यातल्या कलम 101 च्या (थकबाकी वसुलीच्या) सुनावणीची नोटीस आली तर हजर राहा. खासगी सावकाराने छळलं तर त्याच्याकडे 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना आहे का, हे जिल्हा उपनिबंधकांकडे विचारा. अंगावर हात, घरात घुसणं, यासाठी थेट पोलिस.

पैसे द्याल ते कर्जखात्यातच भरा, एजंटच्या स्वतःच्या नंबरवर कधीच नाही. सेटलमेंट, म्हणजे कमी रकमेत कर्ज मिटवणं, ठरली तर रक्कम, तारीख आणि "यानंतर काही येणं नाही" हे कंपनीच्या लेटरहेडवर आल्याशिवाय रुपया देऊ नका. सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं, हे आधी समजून घ्या. शेवटचा हप्ता गेला की नो ड्यूज दाखला आणि कोरे चेक परत मागा. आमचे चार चेक होते, तीन आले. चौथ्याचा नंबर वहीत होता, म्हणून मागता आला.