बोटॉक्सची व्हायल फ्रिजमध्ये नीट कशी ठेवायची

दादरच्या क्लिनिकमधला फ्रिज मीच बघते म्हणून सांगते, बोटॉक्सची न उघडलेली व्हायल, म्हणजे औषधाची छोटी काचेची बाटली, 2 ते 8 डिग्रीत ठेवायची, पण फ्रिजच्या दारात अजिबात नाही, दार सारखं उघडतं आणि त्यात मुंबईचा मे महिना. मधल्या कप्प्यात ठेवा, मागच्या भिंतीला टेकवून पण नको, तिथे बर्फ धरतो. थर्मामीटरचा आकडा सकाळ-संध्याकाळ वहीत. आणि प्लीज, त्यात कोणाचा डबा नको, आमच्याकडे एकदा सोलकढी सांडली, खोकी सगळी गुलाबी!

व्हायलमधली पावडर विरघळवायला सलाइन (मिठाचं निर्जंतुक पाणी) घातलं की खरी घाई. हळू सोडायचं, व्हायल खडखड हलवायची नाही, अलगद फिरवायची. लगेच लेबलवर तारीख, वेळ आणि किती एमएल घातलं ते लिहा, कारण 100 युनिटला 2.5 एमएल घातलं तर 0.1 एमएलमध्ये 4 युनिट येतात, दुसऱ्याने अंदाज लावत बसायला नको. परत फ्रिजमध्येच, फ्रीझरमध्ये नाही, आणि कंपनीच्या सूचनेप्रमाणे 24 तासांत वापरायचं, तेही एकाच पेशंटला. उरलेलं कोणी टचअपसाठी घरी मागितलं तर सरळ नाही म्हणायचं.